नकाशातून सुटलेली रेघ

गिरगाव, रविवार, १७ फेब्रुवारी १९५७

ही वही नव्या वर्षाच्या संकल्पातली. जानेवारीत तीन पानं भरली आणि संकल्प सर्व संकल्पांच्या गतीला गेला. आज ती उघडली रघुवीरच्या कार्डामुळे. रघुवीर माझा चुलतभाऊ, गावी शाळामास्तर. त्याचं अक्षर एरवी मुंग्यांच्या रांगेसारखं शिस्तीत चालतं. या कार्डावर मुंग्या पांगल्यात.

गेल्या मंगळवारी भरदुपारी आमचं गाव, कातळसडे, पेटलं. भाताचं रोप करायच्या जागेवर पाला-गवत पसरून जाळतात, तसं कुणी जाळायला घेतलं. वारा फिरला. आग सड्यावरच्या, म्हणजे गावामागच्या कातळपठारावरच्या, वाळल्या गवतातून वरच्या वाडीत शिरली. सात घरं, पेंढ्याच्या अकरा उडव्या, चार गुरं गेली. माणूस कुणी गेलं नाही.

वरच्या वाडीच्या विहिरी माघातच तळ दाखवतात. खालच्या वाडीतल्या म्हाताऱ्या भिवाने सड्यावरून पहिली हाळी दिली, आणि खालच्या वाडीच्या बायका हंडे-घागरी घेऊन चढण चढून आल्या. त्यांच्या विहिरीवर निम्मी वरची वाडी वाचली. 'प्रसंगच तसा होता,' असं रघुवीर लिहितो. कसा, ते लिहीत नाही. त्या विहिरीचं पाणी आजवर वरच्या वाडीच्या दारात आलेलं नव्हतं, हे मला सांगायची त्याला गरज नाही. खालच्या वाडीने गेल्या दसऱ्यानंतर बुद्धधर्म घेतला. विहीर तीच राहिली.

पाठशाळेत अग्नीचं एक नाव पाठ केलं होतं, हव्यवाहन. देवांकडे हवी, म्हणजे आहुती, पोचवणारा. यंदा त्याने हवी म्हणून आमच्या आत्याचा गोठा नेला. कुठल्या देवाला पोचवला ते कळवलेलं नाही.

रविवार, २४ फेब्रुवारी

लालबागला ग्रामस्थ मंडळाची सभा. मंडळाची खोली दहा बाय बारा. तीत गावचे बावीस गिरणीकामगार पाळीपाळीने झोपतात. सभेसाठी झोपलेल्यांना उठवलं, त्यामुळे निम्मी सभा जांभया देत होती. मी मंडळाचा चिटणीस. गुण एकच, अक्षर चांगलं.

अध्यक्ष गणपत. गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, जॉबर आहे, कामगारांचा मुकादम. बोलतो तेव्हा अजून साच्यांच्या खडखडाटावरून ओरडत असल्यासारखा बोलतो.

"राखण सोडल्यानी, म्हणान गाव जळला!" तो गरजला.

राखण म्हणजे असं. दर साल माघ लागला की खालच्या वाडीने सड्यावरचं गवत पट्ट्यापट्ट्याने कापायचं, वणव्याला आडवी मोकळी जागा करून ठेवायची आणि पहारा द्यायचा. भिवाने हे चाळीस वर्षं केलं. धर्म बदलल्यावर वाडीने गावकीची सगळी कामं सोडली. मेलेली गुरं ओढणं सोडलं, ढोल सोडला, त्यात हेही सुटलं. त्यांच्या जागी कुणी कोयता हातात घ्यायचा, हा प्रश्न मात्र गावाला पडला नाही.

मी म्हटलं, "गणपतराव, हाळी तर भिवानेच दिली."

"दिल्यान. मगे? आवाज हा त्येका."

शेवटी ठराव झाला. गावात आगीसाठी पाण्याचा मोठा हौद बांधायचा, पुढचा उन्हाळा यायच्या आत. सर्वानुमते. कसा बांधायचा, कुठे, किती मोठा, हे कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून सर्वानुमते. आगीतलं कळणारा माणूस शोधायचं काम माझ्याकडे आलं. "पंतानू, तुमी पेपरवाले. तुमची वळख सगळीकडे."

संध्याकाळी परळला संयुक्त महाराष्ट्र समितीची सभा होती. बातमी दिली. गर्दी विराट. आमच्याकडे दहा हजारांवर सगळं विराट असतं.

गुरुवार, २८ फेब्रुवारी

आगीतलं कळणारा माणूस आमच्याच गावचा निघाला. शामराव. बंबखान्यात चौदा वर्षं नोकरी, राहायला नायगावच्या बी.डी.डी. चाळीत. भिवाचा पुतण्या. आई सुंदराबाई गावी खालच्या वाडीत एकटी राहते. खालच्या वाडीचं मंडळ वेगळं, तेही नायगावात. वेगळं का, हा विषय आमच्या एकाही विषयपत्रिकेवर कधी आलेला नाही. चिटणीस म्हणून हे मी खात्रीने सांगू शकतो.

बंबखान्याच्या अंगणात ते पाण्याच्या नळीचं पितळी तोंड घासत उभे होते. हात थांबवला नाही.

"पंत, मंडळाने पाठवलं की स्वतः आलात?"

"दोन्ही."

"मग बसा." त्यांनी स्टूल सरकवलं. "हौद बांधणार. चांगलं आहे. पण पाणी असणं वेगळं आणि पाणी मिळणं वेगळं. मुंबईत आग लागली की आमचा पहिला प्रश्न काय असतो, माहितीय? पाणी किती, हा नाही. जवळचा नळ कुठे आणि त्याची चावी कुणाकडे, हा."

मी वहीत लिहून घेतलं. सुभाषित म्हणून खपेल इतकं घोटीव वाक्य होतं.

"आईला इकडे का आणत नाही?" मी विचारलं.

"चार वेळा आणली. चार वेळा परत गेली. म्हणते, माझं घर आहे, भाड्याचं नाही." ते हसले. मग हसू आवरून म्हणाले, "त्या दिवशी तुमच्या वाडीवर आमची विहीर ओतली. तळ लागला. अजून बायका व्हाळावर जातायत, अर्धा कोस. आईचं घर पेंढ्याचं आहे, पंत. आता त्या घराला काही झालं, तर त्यावर टाकायला वाडीत पाणी नाही. मी इथे शहराच्या आगी विझवतो आणि माझ्या आईला घागरभर पाणी नाही. तुमचा हौद मी फुकट आखून देतो. फक्त तो तिच्यापर्यंत पोचू दे."

मी शब्द दिला. मनापासून दिला.

रविवार, ३ मार्च

शामराव घरी आले. मीनाक्षीने वेगळा कप न काढता घरच्याच कपात चहा दिला आणि माझ्याकडे पाहिलं नाही. मला बायकोचा अभिमान वाटला, आणि थोडा स्वतःचाही. चहा तिने केला होता, हे मला नंतर आठवलं.

शामरावांनी नकाशा आणला होता. मांजरपाटासारखा जाड कागद, पेन्सिलीचं काम. हौद देवळाच्या आवारात, कारण गावातला बारमाही झरा तिथेच वरच्या अंगाला आहे. पोफळीच्या पन्हळीतून पाणी हौदात येईल. तिथून वरच्या वाडीला उतार सोपा, माणसांची साखळी लावून बादल्या पोचतील.

"आणि हे?" मी विचारलं. हौदाच्या तळातून एक बारीक रेघ आवाराच्या दगडी गडग्याखालून बाहेर पडून खालच्या वाडीपर्यंत गेली होती.

"दोन इंची नळ. बाहेरच्या टोकाला कॉक. देऊळ उंचावर, वाडी खाली. पंप नको, कुणी आवारात शिरायला नको, कुणाचा देव बाटायला नको. पाणी आपल्या वजनाने उतरतं. त्याला जात विचारून उतरायची सवय नाही."

"वा!" मी म्हटलं.

"वा नको. बांधा."

शनिवार, ९ मार्च

उद्याच्या सभेसाठी नकाशाची शाईत स्वच्छ नक्कल केली. तीन तास लागले. देवळाचा कळस फार सुरेख जमला.

ती खालची रेघ अजून घेतलेली नाही. विचार असा की उद्या सभेत हौदच मंजूर व्हायचा आहे. ती रेघ दिसली की गणपत विचारणार, ही कशाची. मग नळ, मग वाडी, मग राखण, मग मागच्या शंभर वर्षांचा हिशोब. हौद बाजूला राहील आणि पावसाळा येईल. आधी हौद होऊ दे. रेघ काय, कधीही ओढता येते. पेन्सिलीचा मूळ कागद ट्रंकेत नीट ठेवला आहे.

मीनाक्षीने विचारलं, "शामरावांना सांगितलंत?"

म्हटलं, "काम झाल्यावर सांगेन. आनंदात सगळं पचतं."

ती तांदूळ निवडत राहिली. खडे मात्र जरा जोरात टाकत होती.

रविवार, १० मार्च

हौद मंजूर. नक्कल हातोहात फिरली. गणपत म्हणाला, "पंतानू, देऊळ काय काढलास! फोटोच." ठरावात शेवटी, हौदाचा वापर पूर्वापार वहिवाटीप्रमाणे व्हावा, असं एक वाक्य घातलं. अशा वाक्याने कुणाचं पोट दुखत नाही. सगळ्यांनी माना हलवल्या.

रविवार, २६ मे

हौद पुरा झाला. गावाने देवाला कौलही लावला होता. पाकळी उजवीकडून पडली, म्हणजे देवाची ना नाही. रघुवीर लिहितो, जांभ्या दगडाचं बांधकाम उत्तम आहे, झऱ्याचं पाणी पडायला लागलं आहे, आणि मुलं-गुरं पडू नयेत म्हणून आवाराला लाकडी दरवाजा करून कुलूप घातलं आहे. चावी गुरवाकडे.

योग्यच केलं. उघडा हौद म्हणजे गावात एक नवा अपघात बांधून ठेवणं.

शामराव दादरला भेटले. मी आधी हौदाचं वर्णन केलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"खालचा नळ बसला?"

"पुढच्या टप्प्यात," मी म्हटलं. टप्पा हा शब्द त्याच क्षणी सुचला. त्याआधी टप्पे नव्हते.

"आईला लिहितो, थोडं थांब म्हणून," ते म्हणाले.

तेव्हा सांगता आलं असतं. ट्राम आली, ते चढले. ट्राम यायच्या आधीही बराच वेळ आम्ही उभे होतो, हे लिहून ठेवतो.

शनिवार, १६ नोव्हेंबर

बऱ्याच महिन्यांनी. निवडणुका, सभा, मिरवणुका, लेखणीला उसंत नाही. हौद काठोकाठ भरल्याचं रघुवीरचं कार्ड आलं. त्यावर मी पेपरात सहा ओळींचा मजकूर दिला, 'कोकणातील एका खेड्याचा आदर्श उपक्रम'. कात्रण गणपतने खोलीत चिकटवलं आहे, आरशाशेजारी.

शामराव शिवाजी पार्कच्या सभेत दिसले. बिल्ला लावून आले होते. सभेनंतर माझ्याबरोबर चालत होते.

"पंत, तुमच्या पेपरात रोज असतं, मुंबईसह महाराष्ट्र. बरोबर आहे. मुंबईवाचून महाराष्ट्र कसला? मी पण ओरडतो, घसा बसेपर्यंत. फक्त एक विचारू? वाडीसह गाव कधी?"

मी हसलो. वाक्य चांगलं होतं म्हणून हसलो. ते हसत नव्हते.

"होळीच्या आत करू," मी म्हटलं.

"पाडव्याला गवत कडकडीत वाळलेलं असतं," ते म्हणाले, "हे फक्त लक्षात ठेवा."

रविवार, ९ फेब्रुवारी १९५८

सभेत नळाचा विषय काढायचा ठरवून गेलो होतो. गणपतच्या गिरणीत संपाची हवा, सगळी बोलणी त्याचीच. शेवटी मी म्हटलं, "हौदाचं थोडं उरलेलं काम..."

"हौद झालो ना? मगे काय उरला?"

"बघतो," मी म्हटलं.

काय बघतो, ते मलाही नीट ठाऊक नव्हतं.

गुरुवार, २७ मार्च

रघुवीरचं पाकीट. कार्ड नाही, पाकीट. हातात घेतानाच कळलं.

गेल्या शनिवारी, बावीस तारखेला, सकाळी दहाच्या सुमारास वणवा सड्याच्या खालच्या अंगाने उतरला. या वेळी वाडी खालची. नऊ घरांतली आठ गेली. पुढचं रघुवीरच्याच शब्दांत उतरवतो.

'हौद काठोकाठ भरलेला होता. खालच्या वाडीची माणसे घागरी घेऊन आवाराच्या दरवाजापाशी आली. गुरव बाजाराला गेला होता. दरवाजा फोडावा किंवा कसे, यावर जमलेल्यांत काही विचारविनिमय झाला. वहिवाटीचा प्रश्न निघाला. ठरावाची प्रत शाळेत होती, ती मी आणवली. त्यात स्पष्ट निर्देश आढळला नाही. शेवटी मी स्वतः दगडाने कुलूप फोडले. यात अंदाजे पाऊण तास गेला. भिवा तापाने अंथरुणावर होता. त्याला बाहेर काढता आले नाही. सुंदराबाई त्याच्यासाठी आत शिरली, तिचे दोन्ही हात भाजले. कळावे.'

कळलं.

सवयीने बातमी लिहायला बसलो. 'घटनास्थळापासून तीनशे पावलांवर पाणी मुबलक उपलब्ध होते' असं वाक्य झालं. खोडलं. पुन्हा लिहिलं तरी तेच झालं.

मी ठराव लिहिला होता. पाऊण तास ते माझं वाक्य वाचत होते.

मीनाक्षीने पत्र वाचलं आणि घडी घालून परत दिलं. "आता आनंदात सगळं पचवा," एवढंच म्हणाली. पंचवीस वर्षांच्या संसारात तिने मला लावून काही बोललेलं मला आठवत नाही. हे पहिलं.

मंगळवार, ८ एप्रिल

शामराव गावाहून आले. आईला घेऊन आलेत. काकाचं सगळं उरकलं. संध्याकाळी कामावरून परस्पर माझ्याकडे आले, अंगावर खाकी होती. आत बसले नाहीत. दारात उभे राहून विचारलं,

"पंत, माझा कागद आहे ना तुमच्याकडे? पेन्सिलीचा?"

ट्रंक उघडून दिला. त्यांनी खिशातून दुसरा कागद काढला. माझी शाईची नक्कल, गावातून आणलेली. गवंड्याच्या हाताचा चुना लागलेली. दोन्ही कागद दाराच्या फळीवर शेजारी शेजारी धरले आणि बोटाने ती रेघ पेन्सिलीवरून वाडीपर्यंत नेली. मग तेच बोट शाईच्या कागदावर त्याच जागी फिरवलं. तिथे काही नव्हतं.

मी म्हटलं, "शामराव, मी..."

"अक्षर सुंदर आहे तुमचं," ते म्हणाले. "देऊळ पण."

दोन्ही कागद मला परत दिले आणि जिना उतरले. पुरते खाली जाईपर्यंत पावलं ऐकू येत होती. बंबवाल्याची पावलं, एकसारखी. घाई नाही, थांबणं नाही.

शुक्रवार, ११ एप्रिल

नायगावला गेलो. तीन दिवस स्वतःशी भांडून गेलो.

खोलीत सुंदराबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. कोपरापर्यंत पट्ट्या. शामरावांची बायको लक्ष्मी त्यांना चमच्याने पेज भरवत होती. शामराव पाळीवर होते. लक्ष्मीने मला चहा केला. मी घेतला, पूर्ण घेतला. कप खाली ठेवताना मला उगाचच बरं वाटलं, आणि ते माझ्या तोंडावर दिसलं असावं.

"पंत," सुंदराबाई म्हणाल्या, "चा पिल्यानं कुलूप न्हाय उघडत."

लक्ष्मी म्हणाली, "आत्याबाई, अवं..."

"का? खोटं बोलतंय मी? सायब शिकल्यालं हायत, त्यास्नी खरं सांगाया नगं?" मग माझ्याकडे वळून, "मागल्या साली तुमच्या आत्याच्या घरावर पैली घागर मी वतली. तवा कुणी वयवाट इचारली न्हाय. इचारली असती, तरी मी वतलीच असती."

मी सांगितलं. रेघ मी घेतली नाही. मुद्दाम घेतली नाही. शब्द जमवायला वेळ लागला. चौतीस वर्षं लोकांच्या भाषणांची टिपणं घेणारा मनुष्य स्वतःचं एक वाक्य शोधत होता.

त्यांनी ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत. त्याचंच ओझं वाटलं.

"भिवा दाजींनी त्या राती..." असं म्हणून त्या थांबल्या. पुन्हा म्हणाल्या, "न्हाय, राती न्हवं, सकाळच्याला. मला हाक दिली. आवाज मोठा व्हता त्येंचा, अक्ख्या सड्यावर जायाचा. त्या दिशी माझ्यापत्तुरच आला."

लक्ष्मीने पेजेचं भांडं खाली ठेवलं.

मी विचारलं, "परत जाणार का गावी?"

"घर बांदल शामू. पर पाण्याबिगर कशी जाऊ? दुसऱ्यांदा हात कुटनं आणू?" मग म्हणाल्या, "हितं मला झोप न्हाय. नळ रातभर गळतोय. येवढं पानी वाया जातंय, कुणाला काय न्हाय त्याचं."

परत येताना नायगावात चौदा तारखेच्या जयंतीच्या कमानी उभ्या राहत होत्या. बांबूवर चढलेल्या पोरांनी मला ओळखलं. "पेपरवाले, फोटो टाका हो आमचा!" मी हात वर केला.

शनिवार, १२ एप्रिल

पेन्सिलीचा कागद टेबलावर ठेवला. नक्कल शेजारी. दौत उघडली. देवळापासून खालच्या वाडीपर्यंत ती रेघ शाईत ओढली. मध्ये वाकडी आली. पुसून सरळ करावी असं वाटलं. तशीच राहू दिली. पाणी वाकडं जाऊनही पोचतं.

रविवार, १३ एप्रिल

सभा. मी शामरावांना बोलावलं होतं. मंडळाच्या खोलीत खालच्या वाडीचं माणूस पहिल्यांदाच आलं. बसायला जागा कुणी दिली नाही. गणपतने शेवटी आपली ट्रंक पुढे केली. स्वतः उभा राहिला.

मी दोन्ही कागद मांडले आणि काय केलं ते सांगितलं. संस्कृत आलं नाही, विनोद आला नाही. पाच मिनिटांत संपलं.

गणपतने दोन्ही कागद उचलून पाहिले. मग, प्रथमच हळू आवाजात, म्हणाला, "पंतानू, ही रेघ तुमी आमका दाखवल्यात असती, तरी आमी खोडलीच असती."

"असेल. पण मग ती तुमच्या हाताने खोडलेली असती. आता माझ्या हाताने खोडलेली आहे."

कुणीतरी मागून म्हणालं, आवाराचा गडगा फोडायचा तर आधी देवाला कौल लावायला हवा.

गणपत फिरला. "देवाक इचारूचा नाय! देवान पाणी दिल्यान. कुलूप आपण घातला." मग शामरावांकडे न बघता, जमिनीकडे बघत, "आमच्या आयेचा घर मागल्या साली वाचला. ता तुमच्या पाण्यान वाचला. आये सांगी होती. मी सभेत बोललंय नाय."

शामराव ट्रंकेवरून उठले. "गणपतराव, मला माफी नको आहे. मला दोन इंची नळ हवा आहे. आणि तीन आठवड्यांची रजा मी टाकली आहे, बसवायला मीच जाणार. कुणी बरोबर येतंय?"

बाजूच्या चाळीत कुणीतरी पोवाड्याची तालीम करत होतं, डफावर थाप पडत होती. मग रात्रपाळीचे दोघे, जे सभेत झोपले आहेत असं मी समजत होतो, ते उठून बसले. तिसरा गणपत.

वहिवाटीचं वाक्य ठरावातून काढलं. मी काढलं. कुणी मत मागितलं नाही.

सोमवार, ५ मे

भाऊच्या धक्क्यावर गेलो होतो. जैतापूरच्या बोटीने शामराव, गणपत आणि ते दोघे निघाले. सुंदराबाईही. पट्ट्या सुटल्यात, बोटं अजून पूर्ण मिटत नाहीत. नळाचे तुकडे गोणपाटात बांधलेले होते, खलाशी त्यावर बसायला लागला तर गणपत त्याच्या अंगावर ओरडला, "बसा नको! ता पाणी हा!"

मी जाऊ शकलो नाही. पेपर. हे कारण खरं आहे, आणि कारण आहे म्हणून बरं वाटलं, हेही खरं.

रविवार, २५ मे १९५८

पावसाळ्यासाठी बोटी बंद व्हायच्या आधीचं शेवटचं टपाल. शामरावांचं कार्ड. बंबखान्याच्या अहवालासारखं, एक शब्द जास्त नाही.

'नळ बसला. लांबी तीनशे बारा पावले. कॉक उघडल्यापासून वाडीत धार यायला दीड मिनिट. घागर भरायला अर्धे मिनिट. धार काकाच्या घराच्या जोत्यापर्यंत पोचते. वाडीतल्या प्रत्येकाने एकदा कॉक फिरवून पाहिला. आईला फिरवता आला नाही, गणपतरावांनी तिच्या हातावर हात ठेवून फिरवला. सड्यावर गवताचे पट्टे यंदा दोन्ही वाड्यांनी मिळून कापायचे ठरले आहे. बघू. घर उभे राहिले, आई तिथेच राहते. तिने तुम्हाला एक विचारायला सांगितले आहे. वर देवळाच्या आवाराच्या दरवाजाला नवे कुलूप लागले आहे, ते कुणाच्या ठरावाने?'

कार्ड दोनदा वाचलं. मंडळाचं ठरावाचं पुस्तक काढलं, पहिल्या पानापासून चाळलं. असा ठराव नाही. अशी कुलपं ठरावाशिवायच लागतात.

पुढच्या रविवारची विषयपत्रिका लिहून काढली. विषय एकच. मीनाक्षीला वाचायला दिली. तिने वाचली आणि म्हणाली, "अक्षर नेहमीसारखं नाही आलं."

म्हटलं, "मुद्दाम."